आईच्या माहेरची हळद

मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो त्या पावसाळ्यात माझ्या हातून आईची हळद मेली. कुणी म्हणेल, हळद ती काय, बाजारात मिळते. मलाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून हे सावकाश लिहितो. एका दमात मला काही नीट सांगता येत नाही. कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही माझं तेच होतं.

आमचं घर वडिवळ्याला. भाताची थोडी जमीन, ती आई बघे. वडील लोणावळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळाखाली खडी भरायची, घाटात दरड आली की उपसायची, हे त्यांचं काम. तिथं त्यांना एक खोली मिळाली होती. मॅट्रिक होऊन पुण्याच्या कॉलेजात नाव घातल्यावर मी त्या खोलीत राहायला गेलो. पहाटे भाकरी फडक्यात बांधून गाडी धरायची, पुण्यात उतरून चालत कॉलेज गाठायचं, संध्याकाळी तसंच परत. शनिवारी कामशेतला उतरून चालत घरी आणि सोमवारी अंधारातच पुन्हा स्टेशन. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. त्यामुळे दमलो असं म्हणायची सोय नव्हती. वडील दिवसभर घण मारून येत, पाय गरम पाण्यात सोडून गप्प बसत. त्यांच्यासमोर 'पुस्तकानं दमलो' असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

वर्गात सगळं इंग्रजीत चाले. मी शब्द उतरवून घेई आणि परतीच्या गाडीत बसून त्यांचं मनाशी मराठी करी. पहिल्या वर्षी जीवशास्त्राच्या सरांनी एक प्रकरण शिकवलं, नर आणि मादीवाचून होणाऱ्या उत्पत्तीचं. त्या प्रकरणात मात्र मी कधी पेंगलो नाही. मायक्रोस्कोपमध्ये अमीबा दाखवला. तो मधोमध आवळत जातो आणि एकाचे दोन होतात. मी धीर करून विचारलं, "सर, मग त्यातला मूळचा कोणता?" सर म्हणाले, "दोन्ही. किंवा एकही नाही, असं म्हणा." पोरं हसली. मला ते उत्तर गाडीत बसल्यावरही पुरलं.

हायड्रा नावाचा एक पाण्यातला बारीक जीव असतो. त्याच्या कुशीला कोंब फुटतो, कडेवर घेतलेल्या पोरासारखा तो थोडे दिवस राहतो आणि मग सुटून आपल्या वाटेला लागतो. भातखाचरातलं हिरवं शेवाळ तुटलं की प्रत्येक तुकडा आपापला वाढू लागतो. पानफुटीचं एक पान मी वहीत दाबून ठेवलं होतं, त्याच्या कडेला वहीतच मुळं फुटली आणि दोन पानं डाग पडून खराब झाली. शेवटी सरांनी एक बटाटा आणला. चाकूनं त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावर एक डोळा राहील असे, आणि म्हणाले, "जितके डोळे, तितकी झाडं."

हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. वही अजून माझ्याकडे आहे.

घरी आल्यावर मला हे आईला सांगावंसं वाटे, पण विषय तसा अवघड. एका रविवारी ती तांदूळ पाखडत बसली होती. मी मान खाली घालूनच म्हणालो, "आई, काही जिवांत नर-मादी असं नसतंच. एकातनंच दुसरा हुतो."

"मग?"

"मग काही न्हाई. तेच शिकवत्यात सध्या."

आईनं सूप थांबवलं. "हळदीला कुटं नवरा असतो? केळीला असतो? आळवाला?" आणि मग शेजारणीला ऐकू जाईल एवढ्यानं हसली. "ह्यासाटी रोज उटून पुन्याला जावं लागतं व्हय रं?"

मीही हसलो. पण तिनं हळदीचं नाव घेतलं, ते माझ्या डोक्यात राहिलं.

घरामागे हळदीचे दोन वाफे होते. ती हळद आईच्या माहेरची. तिचं माहेर लोणावळ्याच्या अंगाला, डोंगरातल्या एका खोलगट गावात होतं. मी जन्मायच्या आधीच ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालतात, असं वडील सांगत. गाव उठलं तेव्हा आजीनं परसातली हळद उकरून टोपलीत भरली आणि दोघी लेकींना वाटून दिली, अर्धी माझ्या आईला आणि अर्धी टाकव्याला दिलेल्या माझ्या मावशीला. घराची लाकडं, भांडी, देव, सगळं कुठं कुठं गेलं. आईकडे माहेरचं म्हणून राहिलं ते एवढंच. सण आला की ती त्या हळदीचं पान नाकाशी धरी आणि पुन्हा कामाला लागे. दरवर्षी माघात हळद काढायची, मधले मोठे गड्डे बेण्यासाठी फणसाच्या सावलीत खड्ड्यात ठेवायचे, वर हळदीचाच वाळलेला पाला टाकून शेणामातीनं लिंपायचं आणि रोहिणी नक्षत्र लागलं की लावायचे. अख्खे लावायचे. बेण्याला सुरी लावायची नाही, असा तिच्या माहेरचा नेम होता.

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली आणि मी सुटीत घरी आलो. आईनं खड्डा उघडला होता. मी एक गड्डा हातात घेऊन बघितला, तर त्यावर पाच-सहा डोळे. मला बटाटा आठवला.

"आई, ह्या एकाची पाच झाडं हुतील. तू चार वाया घालवतीस."

"वाया कुटं? एका जागी जोमानं येत्यात."

"कापून लावू. दोनाचे सात वाफे हुतील बघ."

"सुरी लावायची न्हाई म्हनत्यात."

"का पण?"

"का ते मला काय म्हाईत! आई सांगायची."

"त्याला काही कारण नसतं, आई. आमच्या सरांनी आमच्यासमोर कापून दाखवलंय."

आई बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. माझ्या हातात प्रॅक्टिकलच्या पेटीतला बारीक चाकू होता. ती पेटी घेताना वडिलांनी काही विचारलं नव्हतं. शेवटी ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "तू शिकलास. कर तुज्या मनानं."

तिच्या आवाजात त्या दिवशी अभिमान होता. तो अजूनही आठवला की मला कुठं बघावं ते कळत नाही.

मी दिवसभर बसून सगळे गड्डे कापले. प्रत्येक डोळा मोजून, नीट. बोटं पिवळी झाली. संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला होता, माती ओली होती, ते चांगलंच वाटलं. त्याच संध्याकाळी सातही वाफे लावून टाकले. एकही गड्डा मी अख्खा मागे ठेवला नाही. तसं करावं हे सुचलंच नाही, कारण चुकेल असं वाटलंच नव्हतं.

आधी सगळं चांगलं झालं, हेच वाईट. ज्येष्ठात सातही वाफ्यांत कोंब वर आले. आळीतली माणसं बघायला येत. एक आबा तर म्हणाले, "इद्येचा उपेग झाला म्हनायचा!" आषाढात मी लोणावळ्याला पावसात अडकलो, तीन आठवडे घरी गेलो नाही. श्रावणात गेलो तर पानं शेंड्याकडून पिवळी पडत चालली होती. एक रोप सहज ओढलं, ते नुसतं हातात आलं. खाली गड्ड्याच्या जागी चिखलासारखा लगदा, आणि असा वास की आई पदर नाकाला लावून मागं सरली.

पुढच्या शनिवारी आणखी दोन वाफे गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी राहिलेले गेले. आई खुरपं घेऊन सगळी माती उकरत बसली होती, एखादा तरी घट्ट तुकडा हाताला लागतो का म्हणून. एकही लागला नाही. मी शेजारी उभा होतो.

"गेली तर गेली," ती म्हणाली. "आत चल. भिजतुयास."

तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पण रोज सकाळी तांदळाचं धुवण ती परसात नेऊन हळदीच्या वाफ्यावर ओते, ते तिनं थांबवलं नाही. वाफा रिकामा होता. हात सवयीनं जाई, की ती जाणून करी, ते मी विचारलं नाही. मी घरी असलो की तो पाण्याचा आवाज ऐकत पांघरुणात पडून राही.

सरांना विचारायला मी तीन दिवस त्यांच्या खोलीबाहेर उभा राहून परत आलो. चौथ्या दिवशी त्यांनीच आत बोलावलं. मी सगळं सांगितलं.

"कापल्यावर किती दिवस सुकू दिलीत?"

"त्याच दिवशी लावली, सर."

"राख लावली होती?"

"नाही."

"अहो, ती जखम असते. ती भरू द्यावी लागते. बटाट्यालासुद्धा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मी वर्गात सांगायला हवं होतं. राहिलं असेल." मग म्हणाले, "आणि ती सगळी झाडं म्हणजे एकच झाड असतं, हे विसरू नका. एकाला जे सोसत नाही, ते कुणालाच सोसत नाही."

घरी येऊन मी आईला राखेचं सांगितलं. तेव्हा मात्र ती एकदाच बोलली. "चुलीत राख काय कमी हुती रं?"

त्या सहामाहीला मला मार्क कमी पडले. गाडीत बसलं की झोप येई आणि कॉलेजात बसलं की घर आठवे. मायक्रोस्कोपमध्ये बघताना डोळ्यात पाणी येई. ते ताणानं येतं, असं मी सांगत असे.

लोणावळ्याला स्टेशनच्या मागं एका मुसलमान चाचांची पावाची भट्टी होती. पहाटे गाडीला जाताना मी तिथं थोडा वेळ ऊब घेत उभा राही. चाचांचं खमीर, पावाचं पीठ फुगवायचं आंबवण, मी एकदा बाटलीतून कॉलेजात नेलं होतं. काचेखाली त्यात बारीक बारीक गोल पेशी दिसल्या, एकीला दुसरी फुटलेली, दुसरीला तिसरी. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा चाचांनी खमिराच्या डब्यावर फडकं नीट केलं होतं, जणू आत कुणी माणसं आहेत.

कार्तिकातल्या एका पहाटे ते म्हणाले, "काय कालिजवाले, इंजन गार पडलं का? दोन म्हयने बघतोय, तोंड उतरलेलं."

मी हळदीचं सांगितलं. इतक्या दिवसांत सरांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. चाचा ऐकता ऐकता पाव भट्टीतून ओढत होते.

"माझं खमीर दोनदा मेलं," ते म्हणाले. "एकदा थंडीनं, एकदा पोराच्या हलगर्जीनं. मी काय भट्टी बंद केली?"

"मग काय केलंत?"

"खंडाळ्याला माझा साडू आहे. त्यानं भट्टी घातली तेव्हा खमीर माझ्याकडूनच नेलं होतं. त्याच्याकडून घेऊन आलो. तू खातोस तो पाव माझ्या बापाच्या खमिराचा आहे."

"पण ते साडूचं खमीर झालं ना, चाचा?"

"अरे, साडूचा नुसता डबा. खमीर माझंच." त्यांनी एक गरम पाव माझ्या हातात दिला. "तुझ्या आईची हळद दुसऱ्या कुणाच्या डब्यात न्हाई का?"

गाडीत बसल्यावर मला टाकवे आठवलं. खरं म्हणजे आधीच आठवायला हवं होतं. पण आमच्या घरात त्या गावाचं नाव नऊ वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

त्याचं कारण असं. गाव उठल्यावर आजी मावशीकडे राहिली आणि एका श्रावणात तिथंच वारली. आईला निरोप मिळाला तो तिसऱ्या दिवशी. आईचं म्हणणं, बहिणीनं मुद्दाम उशीर केला. मावशीचं म्हणणं, नदीला पूर होता, माणूस अलीकडच्या काठावर दोन दिवस बसून होता. दोघींनी हे एकमेकींना सांगितलं नाही, दुसऱ्यांजवळ सांगितलं. त्यानंतर वडिवळ्याहून टाकव्याला कुणी गेलं नाही आणि तिकडून कुणी आलं नाही. डोंगराच्या कडेकडेनं चाललं तर वाट तीन तासांची.

आईला सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. मी वडिलांना विचारलं. त्यांचे पाय गरम पाण्यात होते. ते म्हणाले, "जा. माघात जा, हळद काढायच्या टायमाला. आनि मी सांगितलं असं म्हनू नको."

माघातल्या एका रविवारी मी गेलो. मावशी घरामागे हळदच काढत होती. नाक आईचंच, आवाज आईपेक्षा मोठा.

"कोन हाय?"

"मी. वडिवळ्याचा."

"वडिवळ्याचं कोन?" तिनं ओळखलं होतं, ते तिच्या हातावरून कळलं. कुदळ थांबली होती.

"तुमच्या बहिणीचा."

"नऊ वर्सांनी वाट घावली व्हय? का कालिजात नकाशा दिला?" तिनं गूळ आणि पाणी आणून ठेवलं. मी प्यायलो. मग कुदळ माझ्यापुढं टाकली. "आलायस तर खन. नुसतं बसून काय करशील?"

मी खणू लागलो. तास-दीड तासात हाताला फोड आले. मावशी मागून गड्डे वेचून माती झाडत होती आणि बोलत होती, माझ्याशी की मातीशी ते कळत नव्हतं.

"तुज्या आईला म्हनावं, नदीला पूर मी आनला न्हवता."

मी खणत राहिलो.

"बरी हाय का ती?"

"बरी हाय."

"आनि गुडगा?"

"कसला गुडगा?"

"डावा. ल्हानपनी आंब्यावरनं पडली हुती. थंडीत धरतो." तिनं मान वर करून बघितलं. "ठाव न्हाई तुला? तिच्याजवळच ऱ्हातोस न्हवं?"

मला ठाऊक नव्हतं. आई डावा पाय लांब करून बसते हे मी जन्मापासून बघत आलो होतो. ती तिची बसायची रीत आहे, असं वाटे.

सगळी हळद निघाली. घराच्या भिंतीशी ढीग झाला. तेव्हा मी उभा राहून, शाळेत धडा म्हणतात तसं, एकदाच सगळं सांगून टाकलं: चाकू, सात वाफे, राख, लगदा. आणि म्हणालो, "मावशी, थोडं बेणं द्या. आईची अन् तुमची हळद एकच हाय. आता ती फक्त तुमच्याकडं हाय."

मावशी ऐकत होती. लगद्याचं सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले. मग तोंड फिरवून म्हणाली, "मागून नेलेलं बेनं लागत न्हाई. म्या देनार न्हाई."

आणि घागर उचलून म्हणाली, "पान्याला जाऊन येते. घरात कुनी न्हाई."

ती गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. नाही म्हणाली, आता निरोप घेतल्याशिवाय कसं जायचं, म्हणून वाट बघत बसलो. हाताचे फोड बघत होतो. बऱ्याच वेळानं ती भरलेली घागर घेऊन आली, ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हितंच हायेस?"

"व्हय."

"कालिजात काय शिकवत्यात रं तुला?"

"जीवशास्त्र."

"ऱ्हाऊ दे मग." तिनं भरलेली घागर माझ्यासमोर आळवाच्या बुडाशी पालथी केली, रिकामी घागर पुन्हा कमरेवर घेतली. "आता लांबच्या हिरीवर जाते. येळ लागंल मला." आणि जाताना मोठ्यानं, रस्त्याला ऐकू जाईल असं, "लय येळ लागंल!"

ती वळणापलीकडे गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे सगळेच म्हणतात की चोरून आणलेलं रोप जगतं, मागून आणलेलं जगत नाही. आमच्या दारची जाई आईनं अशीच आणलेली, शेजारीण मुद्दाम पाठ करून उभी असताना. हे मला ठाऊक होतं. पण नाही म्हणजे नाही, असं मी समजलो. मी जन्मात काही चोरलं नव्हतं. ढिगाजवळ बसलो तेव्हा दोनदा रस्त्याकडे बघून घेतलं, आणि ते हसू येण्यासारखं आहे हे कळत असूनही तिसऱ्यांदा बघितलं. आठ मोठे गड्डे घेतले, अख्खे. पंच्यात बांधले. ती यायच्या आत निघालो, कारण ती समोर आली असती तर ती चोरी राहिली नसती.

बांधावरून मागं बघितलं. लांबच्या विहिरीवर मावशी उभी होती. घागर कमरेवर तशीच. पाणी काढत नव्हती. माझ्याकडे पाठ होती.

घरी पोचलो तेव्हा पाय उचलत नव्हते. आई चुलीपुढं बसली होती, डावा पाय लांब करून. मी पंचा तिच्यापुढं ठेवला. तिनं गाठ सोडली. एक गड्डा घेतला, नाकाशी धरला, नखानं थोडी साल काढून आतला रंग बघितला.

"कुटनं आनलीस?"

"चोरली."

"कुनाची?"

"टाकव्याची."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं, पुन्हा पुढं सारलं. "तिनं बगितलं?"

"न्हाई. पान्याला गेलती."

"किती येळा गेली?"

"दोनदा."

आईच्या तोंडाचं काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही. हसू होतं, पण सगळंच हसू नव्हतं. "दोनदा जावं लागलं तिला," ती म्हणाली. "माज्यावरच गेलास तू. मला बी कदी कळायचं न्हाई. तीच चोरून आनायची आनि माज्या हातात द्यायची."

मग मी तिला पुराचं सांगितलं. माणूस दोन दिवस काठावर बसून होता, ते. तिनं ऐकलं. गड्डे एकेक करून पुसत राहिली.

रोहिणीत आम्ही आठही गड्डे अख्खे लावले. कापलेले नव्हते, तरी मी राख लावली. आई म्हणाली, "लाव, लाव. आता राख लावल्याबिगर तुला झोप याची न्हाई." एकच वाफा झाला. त्या पावसाळ्यात मी दर शनिवारी पायातली चप्पल न काढता आधी परसात जाई. पानं शेंड्यापर्यंत हिरवी राहिली. सकाळी धुवण ओतल्याचा आवाज येई, तेव्हा मी पांघरुणातून उठून बसे.

चोरलेल्या बेण्याची पहिली हळद निघाली की मूठभर नेऊन मूळ घरी ठेवायची असते. न सांगता उंबऱ्यावर ठेवायची. हे आईनंच मला सांगितलं, आणि सांगितल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. दोन दिवस ती चिडचिड करत होती.

गेल्या माघात आम्ही दोघं निघालो. मी बैलगाडी बघतो म्हणालो, तर ती नको म्हणाली. चोरीची हळद गाडीतून न्यायची काय? तीन तासांच्या वाटेला आम्हाला निम्मा दिवस लागला. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. आदल्या दिवशी पुण्याहून आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. टाकव्याची घरं दिसू लागली तेव्हा आई एका बांधावर टेकली आणि डावा गुडघा चोळू लागली.

"चल ना, आलंच की," मी म्हणालो.

"बस जरा. ती काय पळून जात न्हाई."

हळदीचं गाठोडं तिनं आमच्या दोघांच्या मधे ठेवलं. खाली कुणीतरी बाई घागर घेऊन विहिरीकडे चालली होती. एवढ्या लांबून ती कोण, ते मला ओळखता आलं नाही. आई बघत होती. मीही तिच्या शेजारी बसलो.